शिळामुद्रण आणि पनामाचा परित्यक्त लोहमार्ग

चित्रकाराने दगडावर न रेखाटता कागदावर रेखाटलेले आणि मागाहून दगडावर उतरविलेले चित्र शिळाछाप म्हणून विकता येते काय, असा प्रश्न १८९७ साली लंडनच्या न्यायालयात उपस्थित झाला. वॉल्टर सिकर्टने ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ मध्ये जोसेफ पेनेलच्या अशा चित्रांवर आक्षेप घेतला होता. पेनेलने अब्रुनुकसानीची फिर्याद केली, व्हिसलरने त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि पेनेलला ५० पौंडांची भरपाई मिळाली.

तंत्रदृष्ट्या सिकर्टचा पक्ष लंगडाच होता. शिळामुद्रण कोरण्यावर नव्हे, तर तेल व पाणी यांच्या विरोधावर चालते. घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर स्निग्ध खडूची रेघ शाई धरते. ओला दगड ती झिडकारतो. ही स्निग्धता हाताने दगडावर आली काय किंवा खळ दिलेल्या कागदावरून दाबाने उतरली काय, मूळ क्रिया एकच. या कलेचा जनक झेनेफेल्डर यानेही १८१८ च्या आपल्या ग्रंथात या रीतीला मोठे महत्त्व दिले आहे. (आपल्याकडील उर्दू ग्रंथांचे कातिबही असेच कागदावर लिहीत.) मात्र उतरविलेल्या चित्रात दगडाचा कणीदार पोत जाऊन कागदाचा पोत येतो, हे मान्य केलेच पाहिजे.

हा तोटा पत्करून काय साधले, हे १९१२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी पेनेल पनामाच्या कालव्यावर गेला. जड शिळा घेऊन तेथील चरांतून हिंडणे अशक्यच. कागद मात्र नेता येत होता. १८८१ मध्ये काम सुरू करून १८८९ मध्ये बुडालेल्या फ्रेंच कंपनीची यंत्रे तेथील रानात गंजत पडली होती. १८५५ चा लोहमार्गही गातून सरोवराखाली जाणार म्हणून बव्हंशी सोडून दिला जात होता. पेनेल हा उद्योगाचा स्तुतिपाठक. त्याची अनेक चित्रे कुलेब्राचा चर आणि गातूनचे जलपाश यांची आहेत. तरीही नव्या मार्गावरून दिसणाऱ्या जुन्या मार्गाला त्याने एक स्वतंत्र चित्र दिले, ही गोष्ट अर्थपूर्ण होय. अधिकृत छायाचित्रे निघत होतीच. पण त्यांचा मुख्य हेतू कामाची प्रगती नोंदविण्याचा होता.

जून १९१३ मध्ये धरणाची दारे बंद झाली आणि सरोवर भरू लागले. जुन्या मार्गालगतची गोर्गोनासारखी गावेही उठविण्यात आली. पेनेलच्या चित्राच्या शीर्षकात जंगल आहे, जुना लोहमार्ग आहे, नवाही आहे. त्या गावांचा उल्लेख नाही.