हिशेबाबाहेरचा उतारू

प्रवासाचा इतिहास आजवर मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांविषयीच लिहिला आहे. आगबोट कोणी बांधली, लोहमार्ग कोणत्या साली कोठवर आला, विमानाने समुद्र कधी ओलांडला, हे आपणांस तारीखवार सांगता येते. परंतु त्याच बोटीत, त्याच डब्यात आणि त्याच विमानात आईच्या कडेवर बसून जो गेला, त्याची विचारपूस या इतिहासात फारशी आढळत नाही. आज आम्ही त्या कडेवरच्या उतारूचा विचार करणार आहोत.

विषय घरगुती वाटला तरी सोलापूरकरांना तो परका नाही. परदेशी गेलेल्या मुलामुलींची घरे आज येथे थोडी नाहीत. नातवंड पाहावयाचे तर त्याला दहा, पंधरा, कधी अठरा तास आकाशातून यावे लागते. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली हे खरे. पण लांब पल्ल्याचे विमान गाठावयाचे म्हणजे अजून मुंबईस किंवा हैदराबादेस जाणे आलेच. शिवाय हे शहरच मुळी लेकरे कडेवर घेऊन आलेल्यांचे आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यावर गावोगावचे कष्टकरी आले. माग कोणी बसविले आणि साचे कोणी चालविले याची नोंद आहे. वाटेत मुलांना कोणी कसे सांभाळले याची नाही.

प्रथम रेल्वे घेऊ. सोलापुरास आगगाडी १८६० साली आली. पण मुंबईपर्यंत सलग मार्ग झाला तो बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाल्यावर. मधल्या तीन वर्षांत खंडाळ्यास गाडीतून उतरावे, पालखीने, तट्टावर किंवा गाडीतून घाट उतरून खोपोलीस जावे आणि तेथे पुन्हा गाडी धरावी, असा क्रम होता. तान्हे मूल घेऊन हा घाट उतरणाऱ्या बाईची कल्पना करावी. दिवसभर मांडी आखडून बसल्यावर पुन्हा हा उतार, आणि पुन्हा गर्दीचा डबा.

रेल्वेने लहान मुलाला तिकीट माफ केले. आजही पाच वर्षांखालील मुलाला जागा मागितली नाही तर भाडे पडत नाही. ही सवलत आहे यात शंका नाही. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, त्या मुलाला जागाही नाही. ज्याचे तिकीट नाही त्याचे बाकही नाही. मग आपल्या बायकांनी त्यावर स्वतःच उपाय काढला. जुने लुगडे किंवा आपलीच सोलापुरी चादर दोन बाकांच्या साखळ्यांना बांधावयाची आणि झोळी करावयाची. गाडीचा हेलकावाच पाळण्याचे काम करतो. ही युक्ती कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात नव्हती. बाळासाठी बाकालाच जोडलेली छोटी फळी भारतीय रेल्वेने प्रयोग म्हणून बसविली ती २०२२ साली, लखनौ मेलमध्ये. म्हणजे सोलापुरात पहिली गाडी आल्यानंतर एकशे बासष्ट वर्षांनी!

समुद्रमार्गाची कथा याहून कठोर आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर कराराने मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातूनही मराठी माणसे गेली आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. अशा मजूरवाहू जहाजांवर जागा मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दहा वर्षांखालची दोन मुले मिळून एक माणूस धरावयाचा. तान्ही मुले तर मोजणीतच नसत. मोजणीत नाही त्याला फळी नाही, त्याच्या वाट्याचे पाणी आईच्या वाट्यातून. या जहाजांवर गोवर शिरला की पहिला घाला लहानांवर पडे, आणि मृतांत मुलांचे प्रमाण मोठे असे. हिशेबातून वगळल्याची किंमत काय असते, हे येथे स्पष्ट दिसते.

आता स्वखुशीने झालेल्या एका प्रवासाकडे वळू. १८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांवरून बोटीत चढल्या. कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास अमेरिकेकडे निघाल्या. त्यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले होते. त्याच महिन्यात मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. त्यांच्या पतीस जाऊन वर्षाहून थोडा अधिक काळ लोटला होता, आणि बरोबर मुलगी मनोरमा होती. तिचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. म्हणजे तिला दोन वर्षे नुकतीच पुरी झाली होती. आजच्या विमान कंपन्यांच्या नियमाने बघितले तर मांडीवरचे वय संपून स्वतंत्र आसनाचे वय लागले होते. बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा होता. चालू लागलेले, पण समज न आलेले मूल उघड्या कठड्यांच्या बोटीवर सांभाळणे म्हणजे काय, हे आयांना सांगावयास नको.

रमाबाईंवर पुढे टीकेचा पाऊस पडला. त्यांनी धर्म बदलला, त्या परदेशी राहिल्या, यावर वर्तमानपत्रे भरली. त्या दोन वर्षांच्या मुलीला बरोबर नेण्याचे धैर्य मात्र फारसे कोणाच्या लेखी आले नाही. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. ती अजून पाच वर्षांची व्हावयाची होती. ११ मार्च रोजी तो समारंभ झाला. परंतु पुढे अमेरिकेतील भ्रमंतीत मुलीला बरोबर ठेवणे जमेना. रमाबाईंनी तिला इंग्लंडात वँटेजच्या भगिनींकडे परत पाठविले आणि मायलेकींना पत्रांवर भागवावे लागले. नेले तरी कष्ट आणि न नेले तरी ताटातूट, हा पेच आज कामानिमित्त परदेशी जाणाऱ्या प्रत्येक आईबापांपुढे तसाच उभा आहे. ही मनोरमा पुढे शिक्षिका झाली. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास जी मुलींची शिक्षणसंस्था उभी राहिली, तिच्या उभारणीत मनोरमेचा वाटा होता. गुलबर्गा म्हणजे आपल्याच लोहमार्गावरचे पुढचे मोठे गाव. कडेवरच्या उतारूचा हा हिशेब कोणी मांडला नव्हता.

विमानाच्या युगात परिस्थिती किती पालटली? पालटली, हे कबूल केले पाहिजे. १९३० साली अमेरिकेत पहिल्या हवाई परिचारिका नेमल्या गेल्या त्या शिकलेल्या नर्स होत्या. घाबरलेल्या उतारूला कोणीतरी पाहावे, ही जाणीव त्यामागे होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि आठवड्यांचा रस्ता दिवसांवर आला. आता तो तासांवर आला आहे. समोरच्या भिंतीला अडकविण्याचा पाळणाही मिळू लागला. पण तो ठराविक वजनापर्यंतच्या तान्ह्यासाठी; वर्षा-दीड वर्षाचे, पाय फुटलेले मूल त्यात मावत नाही. विमान हलू लागले की पाळण्यातले बाळही बाहेर काढून मांडीवर घ्यावे लागते. दोन वर्षांखालील मुलाचे भाडे परदेशच्या प्रवासात साधारण दहावा हिस्सा असते, आणि आसन नसते. जहाजावरची जुनी मोजणी येथे सौम्य रूपाने चालूच आहे.

मांडी ही सुरक्षित जागा आहे असे आपण मानतो. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक विमान कोसळले. त्यात चार मुले मांडीवरची होती. नियमाप्रमाणे त्यांना आईबापांच्या पायांशी जमिनीवर ठेवावयास सांगण्यात आले. तडाख्यात आईबापांच्या हातांत त्यांना धरून ठेवण्याचे बळ उरले नाही. एक मूल दगावले. ज्या मुख्य परिचारिकेने ती सूचना दिली होती तिने पुढे कित्येक वर्षे एकच मागणी लावून धरली: मुलाला स्वतंत्र आसन व पट्टा द्या. तेथील अपघात-चौकशी मंडळानेही १९९० मध्ये तशी शिफारस केली. सरकारचे उत्तर असे की, तिकीट महाग झाले तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर याहून अधिक मुले मरतील. २००५ साली तो प्रस्ताव बाजूस ठेवला गेला. युक्तिवाद पोकळ नाही. तथापि मुलाला मोजावयाचे की नाही, हे पुन्हा एकदा पैशाने ठरविले, एवढे त्यातून दिसते.

मूल रडू नये म्हणून त्याला झोपवून न्यावे, हा मोहही जुनाच. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया मुलाला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. त्यांना दोष देणे सोपे होते. पाळणाघर नव्हते हे सांगणे कठीण होते. आज त्या गोळीच्या जागी सर्दीचे गुंगी आणणारे औषध आले आहे. बालरोगतज्ज्ञ ते या कामी देऊ नका म्हणतात, आणि काही मुले त्याने झोपण्याऐवजी उलट अधिक खवळतात. वस्तुतः मूल बहुतेक वेळा हट्टाने रडत नाही. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका असतो, म्हणजे महाबळेश्वराहूनही वरचा. विमान उतरू लागले की दाब वाढतो. मुलाची कानाची नळी अरुंद, ती पटकन मोकळी होत नाही, आणि कान ठणकतो. गिळल्याने ती नळी उघडते. म्हणून उतरताना अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा घोटघोट पाणी द्यावे. औषधाहून हे अधिक उपयोगी आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट निघताना दिसते. वाहन वेगवान झाल्याने मुलाचा प्रवास आपोआप सुखाचा होत नाही. ज्या क्षणी त्याला कोणीतरी उतारू म्हणून मोजतो त्या क्षणी तो सुखाचा होऊ लागतो. परवडत असेल त्यांनी दोन वर्षांखालील मुलासाठीही आसन घ्यावे. नातवंडे बोलावणाऱ्या आजीआजोबांनी मुलाच्या झोपेची वेळ बघून विमान निवडू द्यावे, आणि घरी पोहोचल्या दिवशीच नातेवाईकांचा मेळा भरवू नये. परक्या वेळेत आलेल्या त्या देहाला रात्र-दिवस जुळवून घेण्यास काही दिवस लागतात. आणि आपण स्वतः मूल नसताना विमानात बसलो असू व शेजारी एखादे लेकरू रडू लागले, तर कपाळाला आठी घालण्यापूर्वी त्याच्या आईला घोटभर पाणी प्यावयास मिळावे म्हणून ते मूल पाच मिनिटे घेऊ का, असे विचारावे. तिकीट काढताना कंपनीने त्याला मोजले नसेल. शेजाऱ्याने मोजावयास काही हरकत नाही.