मागच्या चाकातली मोटर 1895 सालची आहे!

सायकलच्या मागच्या चाकात बसणारी मोटरची किट आता तालुक्याच्या गावातही बसवून मिळते. मोटर भरलेलं चाक, कंट्रोलर, बॅटरी, थ्रॉटल, एवढा ऐवज. जुनं चाक काढायचं, हे घालायचं. 'चिनी माल, नवीन फॅड' म्हणणारे बरेच भेटतात. माल बऱ्याचदा चिनी असतो, पण नवीन म्हणाल तर अजिबात नाही.

31 डिसेंबर 1895. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन याला एक पेटंट मिळालं. (त्याच डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि सामाजिक परिषदेला मंडप द्यायचा की नाही यावरून आपली भांडणं चालली होती.) बोल्टनच्या आराखड्यात मोटर थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये होती आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात टांगलेली. 10 व्होल्ट, 100 अँपिअरपर्यंत करंट. आजच्या किटचीही मांडणी बघा, जवळपास तीच!

मग ही मोटर आपल्या सायकलीपर्यंत यायला शंभरावर वर्षं का लागली? घोडं अडलं ते बॅटरीपाशी. शिशाच्या बॅटऱ्यांचं ओझं इतकं की सायकल माणसाला न्यायची की बॅटरीला, हाच प्रश्न. आजही 36 व्होल्ट, 10-12 अँपिअर-अवरचा शिशाचा संच साधारण 12 किलो भरतो. तेवढंच काम लिथियमची बॅटरी अडीच-तीन किलोत करते. 1980 च्या दशकात निओडिमियमची ताकदवान चुंबकं आली, 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि छोटी मोटर, हलकी बॅटरी हे गणित हळूहळू जुळत गेलं.

पण धंदा उभा केला तो चीनने, आणि तोही शिशाच्या बॅटरीवरच. 1990 च्या दशकात तिथल्या अनेक शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर निर्बंध घातले. 1999 मध्ये सरकारने राष्ट्रीय मानक काढलं: वेग ताशी 20 किलोमीटर, वजन 40 किलो, मोटर 240 वॅट, याच्या आत असेल तर ती सायकलच. झालं! कामगारांनी धडाधड घेतल्या. पुढे कंपन्यांनी मर्यादा वाकवल्या, तेव्हा 2019 पासून नवं मानक सक्तीचं केलं.

आपल्याकडे नियम नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची पॉवर पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग 25 च्या आत असेल तर ते 'मोटार वाहन' धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. दुकानदार इथपर्यंत बरोबर सांगतो. पुढची अट मात्र गाळतो: हे सगळं अधिकृत तपासणी संस्थेने पडताळलेलं हवं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक संस्था. गल्लीतल्या दुकानात बसवलेल्या किटला कसली आलीय पडताळणी?

आणि 500 वॅटची, चाळीसने पळणारी सायकल तर कायद्याने सरळ मोटार वाहनच होते, तेही नोंदणी नसलेलं आणि विमा नसलेलं. उद्या म्हातारं माणूस धडकलं तर भरपाई कुणाच्या खिशातून? पेपर टाकणाऱ्या पोराच्या?

दुसरी गोष्ट चिमट्याची. मोटर जोर लावते तेव्हा एक्सल उलटा फिरायला बघतो. तो धरून ठेवायला टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी लागते. आपल्या काळ्या सायकलीचा चिमटा पायडल मारणाऱ्या माणसासाठी केलेला, तो फाकवून त्यात मोटर कोंबायची आणि पट्टी वाचवायची, म्हणजे एक्सल निसटायला आमंत्रण.

किटवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणूनच लोक हे घेतात. बनवणाऱ्याने एकदा तपासणी करून घ्यावी आणि तो कागद डब्यात घालावा, एवढी सक्ती सरकारने करायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे किट असेल तर मोटरवर किती वॅट लिहिलंय आणि दुकानदाराने कुठला कागद दिला, ते खाली लिहा.