टाकणखारातला हायड्रोजन

जुन्या घरांतील बायकांच्या बटव्यात वेखंड, मुरडशेंग यांच्याबरोबर टाकणखार असे. तान्ह्याचे तोंड आले की त्याची तव्यावर लाही करून मधातून लावीत. आजचे वैद्यक ते करू नये म्हणते, आणि ते योग्यच आहे. सोनार डाख देताना हाच क्षार वापरी. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधीग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 'तिंकार' हे त्याचे नाव गुजराती लोकांच्या तोंडचे म्हणून नोंदले आहे. लडाख-तिबेटच्या उंच मुलखातून तो खाली येई.

आता हायड्रोजनकडे वळू. सुरतेजवळ कवास येथे एनटीपीसीच्या आदित्यनगर वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये स्वयंपाकाच्या नळाच्या वायूत हायड्रोजन मिसळण्यास प्रारंभ झाला. सुरुवातीचे प्रमाण ५ टक्के. तेथल्याच तरंगत्या सौरपट्ट्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून तो मिळवला. जागच्या जागी करून जागच्या जागी जाळणे त्यामानाने सोपे. साठवून दूर नेणे हे खरे दुखणे. मोटारीच्या टाकीत मावावा म्हणून तो हवेच्या सुमारे ७०० पट दाबाने कोंबावा लागतो, किंवा उणे २५३ अंशांवर द्रवरूप करावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या घन पदार्थात तो रासायनिक रीतीने बांधून ठेवणे, आणि तेथे टाकणखार उपयोगी पडतो.

या मार्गाचा उगम एका स्वस्त पुस्तकात आहे. हर्बर्ट ब्राऊन १९३६ साली शिकागो विद्यापीठाचे पदवीधर झाले, तेव्हा पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या सारा यांनी बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवरील आल्फ्रेड स्टॉक यांचे पुस्तक त्यांना भेट दिले. मंदीचे दिवस, दुकानातले रसायनशास्त्राचे सर्वांत स्वस्त पुस्तक तेच होते! ब्राऊन त्या विषयाकडे ओढले गेले. त्यांचे गुरू हर्मन श्लेसिंगर यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास अॅल्युमिनियम, बेरिलियम व लिथियम यांची बोरोहायड्राइडे सिद्ध झाली. युद्धकाळात सहज वाफ होणारे युरेनियमचे संयुग हवे होते, म्हणून युरेनियमचेही केले. पण ती गरज दुसऱ्या वाटेने भागली. मग लष्कराच्या संदेशवहन विभागाला रणांगणावर हायड्रोजन देणारा पदार्थ हवा झाला. त्यासाठी पुढे आले सोडियम बोरोहायड्राइड. टाकणखारापासून बोरिक आम्ल, त्यापासून मिथाइल बोरेट, आणि ते सोडियम हायड्राइडबरोबर सुमारे २५० अंशांवर तापवले की ही पांढरी पूड मिळते. युद्धामुळे गुप्त राहिलेले हे संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पुडीच्या वजनात १०.६ टक्के हायड्रोजन असतो. लिथियमच्या भावंडात १८.५ टक्के, पण तो सोडवायला ४०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. सोडियमची पूड पाण्यात घालून कोबाल्टचा क्षार चिमूटभर टाकला की साध्या तापमानालाच ती फसफसते, आणि पाण्यातलाही हायड्रोजन बाहेर येतो. किलोमागे सुमारे २१३ ग्रॅम.

या कथेत पुण्याचेही नाव आहे. बी. सी. सुब्बाराव हे पर्ड्यू विद्यापीठात ब्राऊन यांचे सहकारी. एथिल ओलिएटवर प्रयोग करताना हायड्राइड २ मात्रांऐवजी सुमारे २.४ मात्रा खर्ची पडत असल्याचे त्यांना आढळले. नमुना अशुद्ध असेल, असे ब्राऊन यांना वाटले. एखाद्या कारकुनाने एवढी तफावत 'किरकोळ' म्हणून मिटवली असती. सुब्बारावांनी नमुना शुद्ध करून पुन्हा मोजले, आकडा तोच आला. त्यातून १९५६ साली हायड्रोबोरेशन ही प्रक्रिया हाती आली. पुढे सुब्बाराव पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि या विषयावरील निबंध तेथूनही निघाले. १९७९ च्या नोबेल पारितोषिकात ब्राऊन यांना गेओर्ग विटिग यांच्यासह वाटा मिळाला. सुब्बारावांचे नाव आपल्याकडे किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न विचारून ठेवतो.

मग ही पूड आपल्या रिक्षांत का नाही? क्रायस्लरने २००१ मध्ये तिच्यावर चालणारी 'नेट्रियम' ही प्रायोगिक गाडी दाखवली होती. अडचण परतीच्या भाड्याची. हायड्रोजन दिल्यावर उरतो तो सोडियम बोरेट. त्याची पुन्हा पूड करायची, तर एका रेणूमागे सोडियमचे चार अणू लागतात, आणि धातुरूप सोडियम भरपूर वीज खाऊनच मिळतो. २००७ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने मोटारींसाठी हा मार्ग सोडला. तथापि संशोधन थांबलेले नाही. उरलेला ओला बोरेट पोलादी गोळ्यांच्या बंद चक्कीत मॅग्नेशियमबरोबर दळला, तर सोडियमशिवाय, साध्या तापमानाला पूड परत मिळते, हे गेल्या दशकात सिद्ध झाले आहे. आता हिशेब मॅग्नेशियमच्या किमतीचा उरतो.