बुजेल म्हणून वेगळं बसवा?

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर बोलणं निघालं की विरोधाचा सूर हल्ली मायेचा असतो. ‘गरिबाच्या पोराला मोठ्या शाळेत घालून काय साधतं? डबा उघडताना लाजेल, इंग्रजीत अडखळेल, वाढदिवसाला मित्रांना घरी बोलवायची चोरी. त्यापेक्षा आपल्यासारख्यांत राहिलं तर फुलेल तरी.’ असं म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांत शिक्षक असतात, समुपदेशक असतात, कधी त्या पोराची आईच असते. त्यामुळे या मताला ‘श्रीमंतांचा कावा’ म्हणून झटकून टाकणं हा आळस ठरेल.

पूर्वपक्षाच्या पोटात दोन गृहीतकं आहेत. बुजरेपणा मूल घरून घेऊन येतं, हे एक. आणि वेगळं ठेवण्यात त्याचंच भलं आहे, हे दुसरं. दोन्ही मला चुकीची वाटतात, आणि ती का चुकली हे दाखवायला चारकोप ही मुंबईतली फार सोयीची जागा आहे.

आजचं चारकोप हे कोळीवाड्याचं, जुन्या गावठाणाचं चारकोप नव्हे. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोप, गोराई इथे भूखंड आखून दिले. रस्ता, पाणी, मलनिस्सारण सरकारचं. घर ज्याचं त्याने बांधायचं. पंचवीस-तीस चौरस मीटरचे तुकडे अल्प उत्पन्नवाल्यांना, त्यांच्या शेजारीच मोठे भूखंड मध्यमवर्गाला. तीस-पस्तीस कुटुंबांची एकेक सहकारी सोसायटी. निरनिराळ्या उत्पन्नाची माणसं एका वस्तीत नांदावीत, ही कल्पना नकाशातच होती. त्या काळी अशा योजना फसल्या असं जाणकारांनी ठरवून टाकलं होतं. पण वीसेक वर्षांनी संशोधक पुन्हा आले आणि मुंबई-चेन्नईच्या या वस्त्यांवर २०१८ साली त्यांचा निबंध छापून आला. त्याचा निष्कर्ष उलटा होता. वस्त्या भरल्या, वाढल्या, आणि त्यांतलं संमिश्रपण बऱ्याच अंशी टिकलं. एकाच गणपतीची वर्गणी देणारी, एकाच मार्केटात भाजी घेणारी ही माणसं एकमेकांना बुजत नाहीत.

मग त्यांची मुलं शाळेतच का बुजावीत? सकाळी स्कूलबस, व्हॅन आणि पायी जाणारे असे तीन प्रवाह याच गल्ल्यांतून फुटतात. आदल्या संध्याकाळी एका बॅटवर खेळलेली पोरं तीन गणवेशांत वाटली जातात. ही वाटणी शाळा करते, वस्ती नव्हे. जो संकोच वस्तीत नाही तो शाळेत उगवत असेल, तर त्याचं मूळ शाळेतच शोधायला हवं. ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘आरटीईवाले’ अशी हाक, गॅदरिंगच्या पोशाखाचे पैसे न दिले म्हणून मागच्या रांगेतला नाच, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून गळलेला एखादा नंबर. केंद्राच्या २०१०च्या आदर्श नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की या मुलांना वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी भरवायचे नाहीत, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय यांबाबत भेद करायचा नाही. नियम करणाऱ्यांना बुजरेपणा कुठे तयार होतो ते ठाऊक होतं असं दिसतं.

दुसऱ्या गृहीतकातलं वेगळं ठेवणं जास्त जुनं आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. कारण काय, तर एकाला घेतलं तर बाकीची मुलं जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ साली सरकारी शाळा सर्वांसाठीच आहेत असं कळवलं. पण तत्त्व मान्य होऊनही व्यवहार बदलायला पिढ्या गेल्या. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की धारवाडच्या नकारात मायेचा अंशही नव्हता, चिंता सरळ इतर मुलांची होती. आजच्या मायाळू युक्तिवादाची भाषा बदलली आहे, पण ‘आमच्या मुलांचं वळण बिघडेल’ हे वाक्य त्याच्या मागे उभं असतं आणि बैठक लांबली की बाहेर येतं.

यावर एक अभ्यासू आक्षेप येतो: जोतीराव फुल्यांनीही अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढल्याच ना? काढल्या. पण दार बंद असताना स्वतःचं दार बांधणं वेगळं, आणि उघडं झालेलं दार ‘तुझ्या भल्यासाठी’ लोटून घेणं वेगळं. हा फरक छत्रपती शाहू महाराजांना नेमका कळला होता. जातवार वसतिगृहांना ज्यांनी हात दिला, त्याच शाहूंनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वेगळेपण ही वाटेतली पायरी होती. तिच्यावर संसार थाटायचा नव्हता. पाचच वर्षांनी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवू लागली. बुजण्याची सबब तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होती.

कोल्हापूरच्याच मातीतले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६च्या त्या अहवालात परिसरशाळेची कल्पना आहे: वस्तीतलं प्रत्येक मूल वस्तीतल्या शाळेत. वेगळ्या शाळांनी गरिबाचं नुकसान होतंच, पण श्रीमंत मुलाचंही होतं, असं आयोगाने म्हटलं होतं. तेव्हा ते मत होतं. आता त्याला आधार आहे. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांत गरीब मुलांसाठी जागा राखल्या गेल्यावर अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तिथल्या सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. गरीब वर्गमित्र असलेली मुलं अधिक उदार निघाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना ती गरीब मुलाला कमी डावलत होती. गुणांवर परिणाम? हिंदी-गणितात नाही, इंग्रजीत किंचित घट. वर्गात शिवराळ शब्दही थोडे वाढले. हे लपवण्यासारखं नाही. शिव्यांचं म्हणाल तर त्या शिकायला मुंबईच्या मुलाला आरटीईची गरज पडत असेल असं वाटत नाही.

आणि पालकांना काय हवं आहे? याची चाचणी महाराष्ट्र सरकारनेच, नकळत, घेऊन दाखवली. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट मिळाली. यादी सरकारी-अनुदानित शाळांनी भरली आणि जागा दिसू लागल्या सुमारे पावणेनऊ लाख. अर्ज आले सत्तर हजारांच्या घरात. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, खासगी शाळा परत आल्या, जागा लाखभर उरल्या आणि अर्ज अडीच लाखांच्या जवळ गेले. १९ जुलैला अधिसूचना रद्द झाली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांग लावणाऱ्या आईला ‘तुझं पोर बुजेल’ हे सांगावं लागत नाही. तो धोका तिने आधीच तोलून पाहिलेला असतो.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते सहसा डावीकडून येतं: सरकारी पैसा खासगी शाळेकडे वळतो आणि पालिकेची शाळा ओस पडते. मुंबई महापालिकेने जोगेश्वरीच्या पूनमनगरपासून सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या, तिथेही प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. म्हणजे शाळा चांगली दिसली तर पालक पालिकेकडेही येतात. पंचवीस टक्के हा परिसरशाळेला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. पण परिसरशाळा आणायची तर तीत व्हॅनमधली मुलंही आली पाहिजेत, आणि त्या मागणीसाठी हे मायाळू लोक सभेला आलेले दिसत नाहीत.

त्यांच्या मायेची खरी परीक्षा आठवीत होते. कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, आठवीपर्यंतचा. शासन शाळेला ठरवून देत आलं ती प्रतिपूर्ती वर्षाला विद्यार्थ्यामागे १७,६७० रुपये, तीही वर्षानुवर्षं थकते, आणि नववीला तीही संपते. आठ वर्षं त्याच बाकावर बसलेल्या मुलाच्या हातात आठवीच्या निकालाबरोबर पूर्ण फीचा कागद येतो. तोवर मूल रुळलेलं असतं, इंग्रजीत भांडतही असतं. ज्याची फी भरता येत नाही तो दाखला काढून दुसरी शाळा शोधतो, तेही दहावी तोंडावर असताना. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयापर्यंतच्या शिक्षणाचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. कायद्याचं वय मात्र चौदाच राहिलं. पहिलीत प्रवेश घेताना ‘बुजेल हो’ म्हणून हळहळणाऱ्यांपैकी कुणी नववीच्या या कागदाविरुद्ध निवेदन घेऊन शिक्षण निरीक्षकांकडे गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.