बसऱ्याला गेलेले कुली

आपल्या समाजाच्या लष्करी परंपरेचा विषय निघाला की हातात बंदूक घेतलेला शिपाईच डोळ्यांपुढे उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली, शेवटी ‘नाक’ असलेली महार शिपायांची नावे हा दगडी पुरावा आहे. पुढे १८९० नंतर इंग्रज सरकारने ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त पुढे करून महारांना पलटणीची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. हे आपल्याला पाठ आहे. पण ज्यांच्या हाती बंदूक दिलीच नाही, त्यांचे काय?

माझे पणजोबा ‘बसऱ्याला लढाईवर’ गेले होते, असे घरात सांगत आले. त्यांच्या शोधातला पहिला दस्तऐवज म्हणजे घरात उरलेले पदक. ते ब्राँझचे आहे. शिपायांना हेच युद्धपदक चांदीचे मिळे, मजूर तुकड्यांसाठी ते ब्राँझमध्ये पाडले गेले. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. पणजोबांचा हुद्दा आहे : कुली. तो वाचून घरातले काहीजण खट्टू झाले. या खट्टू होण्याचाच विचार केला पाहिजे.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत इंग्रजांच्या हिंदी फौजेने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. तेथून बगदादकडे निघालेली तुकडी कुत येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, आगबोटी अपुऱ्या होत्या, बसऱ्याला धड धक्का नव्हता. जखमींना बैठ्या खेचरगाड्यांत घालून नेत. फौज अडली ती मुख्यतः वाहतुकीपायी. मग हिंदुस्थानातून मजुरांच्या तुकड्या नेल्या. धक्के, रूळ, रस्ते, पुराचे बांध झाले, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. या विजयात कुलीच्या पाठीचा वाटा नाही, असे कोण म्हणेल?

त्या महायुद्धात हिंदुस्थानच्या सुमारे १४ लाख माणसांपैकी साडेपाच लाखांहून अधिक माणसे बिनलढाऊ होती : भिस्ती, मेहतर, खेचरवाले, डोलीवाले, कुली. गावकुसाबाहेरची उतरंड छावणीतही पोचली होती. ही चाकरी साम्राज्याची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गावकीची वेठ करणाऱ्या माणसाला रोख पगार आणि गाव सोडण्याची वाट यांचे मोल किती होते, हे त्या जागी उभे राहूनच समजून घ्यावे लागते.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात अधिकाऱ्यांना नावे आहेत. सामान्य हिंदी सैनिक मात्र पलटणीखाली केवळ आकडा होऊन राहिले. असा भेदभाव झाला आणि त्यामागे वंशभेदाची दृष्टी होती, हे युद्धकबरींच्या आयोगाने २०२१ साली मान्य केले. आपल्याकडील अनेक गावांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावरही इतके गेले, इतके मेले, एवढेच. कोरेगावला नाव होते. शंभर वर्षांनी त्याची संख्या झाली.

संख्येचे पुन्हा नाव करणे हे आता आपले काम आहे, आणि ते शिपायापाशी थांबू नये. बंदूक नव्हती म्हणून पूर्वज लपवायचा, तर छावणीची उतरंड आपणच मान्य केली असे होईल. विद्यार्थ्यांनी जुन्या पेट्या उघडाव्यात, पदकाच्या कडा भिंगाखाली वाचाव्यात, गावच्या पाटीवरचा आकडा टिपून तो घरोघरच्या आठवणींशी ताडून पाहावा. शिक्षकांनी ही टिपणे जपून ठेवावीत. बसऱ्याहून परत न आलेल्या कुलीचे नाव सांगू शकेल असे एखादे म्हातारे माणूस अजून गावात असेल. त्याच्याकडे आधी जावे.