हरला तो घरी: बाद फेरीची कुळकथा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, संध्याकाळी गारवा उतरलेला असतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत कबड्डीचे सामने लागतात. चुन्याने मैदान आखायचं, चार कोपऱ्यांत हॅलोजन लावायचे, बाजूला टेबल मांडून प्रवेश फी घ्यायची आणि संघांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या. मग गावातल्या एखाद्या पोराला दोन-दोन चिठ्ठ्या उचलायला सांगायचं. ज्या दोन नावांची गाठ पडली ती खेळतात. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. संघांची संख्या विषम असली तर कुणाला तरी न खेळताच ‘पुढे चाल’ मिळते आणि त्यावरून थोडी हुज्जतही होते. पण मुळात हरलेल्याने घरी का जायचं, हे टेबलाजवळ कुणी विचारत नाही. जणू खेळाबरोबरच ही रीतही पूर्वापार चालत आली आहे.

तशी ती आलेली नाही. आपल्या जुन्या खेळांत अव्वल कोण हे ठरवण्याची पद्धत निराळी होती. कुस्तीची दंगल बघा. तिथे जोड लावली जाते. फडातली जाणती माणसं पैलवानाची अंगलट बघतात, त्याचं नाव, तालीम, मागच्या कुस्त्या आठवतात आणि याच्याशी हा असं ठरवतात. इनामाचा आकडा चढत जातो आणि सगळ्यांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. त्या कुस्तीत उतरायला आधी कुणाला पाडून यावं लागत नाही, लौकिक पुरतो. ज्याला फडात ओळखणारं कुणी नाही तो कितीही तयारीचा असो, पाच-पन्नासाच्या कुस्तीवरच राहतो. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 साली स्थापन झाली आणि 1961 साली औरंगाबादला पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ झाली. दिनकर दह्यारी पहिले केसरी. पुढे या स्पर्धेचा साचा असा बसला की मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता, दोघेही फेऱ्या पार करून येणार आणि किताबासाठी भिडणार. जोड लावण्याचा पंचांचा अधिकार निदान किताबापुरता चिठ्ठीकडे गेला. जुन्या जाणकारांना हे रुचलं नसेलही, पण निनावी तालमीतल्या पोराला दार उघडलं ते तिथे.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल कालपरवापर्यंत दंगलीच्याच नियमाने चाललं होतं. हे त्यांचं फुटबॉल, अंडाकृती चेंडूचं. हंगाम संपला की नामवंत संघांना ‘बोल’ नावाच्या मानाच्या सामन्यांचं आमंत्रण जायचं. त्यांतला सर्वांत जुना रोझ बोल 1902 सालचा. देशात पहिला कोण, हे 1936 पासून वार्ताहरांच्या मतदानावर ठरू लागलं. कधी वार्ताहरांचा पहिला वेगळा आणि प्रशिक्षकांच्या मतदानातला पहिला वेगळा, मग दोघेही विजेते. बाद फेरी आणावी की नाही यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. विरोधकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. हंगामातला प्रत्येक सामना मोलाचा राहतो, पोरांचा अभ्यास बुडत नाही, जुन्या सामन्यांचा मान टिकतो, असं ते म्हणत. अखेर 2014 च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली आणि 2024 पासून बारा संघांची. कोणते संघ घ्यायचे हे मात्र अजूनही समितीच ठरवते. जोड लावणारे पंच पुरते हटले नाहीतच.

बाद पद्धतीला सार्वजनिक स्पर्धेचं रूप मिळालं ते इंग्लंडमध्ये, 1871 साली. फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक हॅरो शाळेत शिकलेले. तिथे वसतिगृहांमध्ये सामने व्हायचे आणि हरलेलं वसतिगृह बाहेर पडायचं. तीच शाळकरी रीत त्यांनी देशभरच्या क्लबांना लावली आणि एफए कप सुरू झाला. न्यायाचा फार मोठा विचार त्यामागे असावा असं वाटत नाही. क्लब हौशी, खेळाडूंना शनिवारचीच सवड, हिवाळ्यात लवकर मावळणारा दिवस. थोड्या सामन्यांत निकाल लागावा, एवढीच गरज होती. पंधरा संघांना चौदा सामने लागतात, कारण दर सामन्याला एक संघ गळतो आणि शेवटी एक उरतो. हा हिशेब आपल्याकडचे शारीरिक शिक्षणाचे सर आजही फळ्यावर पहिल्याच दिवशी मांडतात.

त्या पहिल्याच वर्षाचा एक किस्सा गडचिरोलीच्या माणसाला परका वाटणार नाही. ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा स्कॉटलंडचा संघ पुढे चाल आणि प्रतिस्पर्ध्यांची माघार यांच्या जोरावर थेट उपांत्य फेरीत पोचला. लंडनला जायचं भाडं वर्गणी काढून जमवलं. वाँडरर्सशी सामना शून्य-शून्य सुटला. सामना पुन्हा खेळायचा तर लंडनला मुक्काम हवा किंवा पुन्हा येणं हवं, आणि पैसे संपलेले. संघ एकही गोल न खाता घरी परतला आणि वाँडरर्स पुढे जाऊन कप जिंकले. जगातल्या पहिल्या मोठ्या बाद स्पर्धेतला एक संघ असा भाड्याने बाद झाला.

‘पुढे चाल’चा घोळही लगेच उघडा पडला. 1877 च्या पहिल्या विम्बल्डनला बावीस जण उतरले. बाविसाचे अकरा, अकराचे सहा, सहाचे तीन. आता तिघांची उपांत्य फेरी कशी खेळवणार? विल्यम मार्शल उपांत्य सामना न खेळताच अंतिम सामन्यात जाऊन बसले आणि तिथे स्पेन्सर गोर यांच्याकडून हरले. पुढे 1880 च्या दशकात बॅगनॉल-वाइल्ड नावाच्या गृहस्थांनी तोड सुचवली: ज्या काही पुढे चाली द्यायच्या त्या पहिल्याच फेरीत देऊन टाका, म्हणजे दुसऱ्या फेरीपासून संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी सरळ पडते. मंडईतल्या टेबलावर आज जो हिशेब होतो तो हाच.

बाद पद्धतीवर मोठा घाव घातला तो ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञाने. चार्ल्स डॉजसन हे त्यांचं नाव, ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरोल ते हेच. 1883 साली त्यांनी टेनिसच्या बक्षिसांवर एक पुस्तिका लिहिली. युक्तिवाद साधा होता. बत्तीस खेळाडूंत खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा जो आहे तो चिठ्ठीत पहिल्याच्या अर्ध्या भागात पडला, तर अंतिम सामन्याआधीच गारद होणार. त्याला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता एकतीसात सोळा, म्हणजे जेमतेम निम्मी. विजेता बरोबर निघतो, बाकी सगळी उतरंड चिठ्ठीची. डॉजसननी उपायही सुचवला, की आपल्याहून वरचढ ठरलेले तीन जण झाल्याशिवाय कुणाला बाद करू नका. तो कुणी मनावर घेतला नाही. कागदपत्रं फार लागली असती.

पाचच वर्षांनी, 1888 मध्ये, विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा इंग्लिश फुटबॉल क्लबांची साखळी सुरू झाली, पण तिचं कारणही न्याय नव्हतं. खेळाडूंना पगार सुरू झाले होते. लवकर हरून कपाबाहेर पडलेला क्लब उरलेल्या हंगामात तिकीट कशाचं विकणार? ठरलेले सामने हवे होते, म्हणून प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. भारतात त्याच 1888 साली ड्युरँड चषक आणि 1891 साली मुंबईत रोव्हर्स चषक आला, ते बाद पद्धतीनेच. तिथे खेळणाऱ्या पलटणींना साखळीची चैन कुठली परवडणार! रणजी करंडकही 1934-35 पासून बाद पद्धतीनेच खेळला गेला आणि 1957-58 पासून विभागवार साखळी झाली. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकला तो आधी गटसाखळी खेळून. मग उपांत्य सामन्यात त्यांनी कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवलं.

इथे शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, आठवण येते. पटात आता सेकंदांचं घड्याळ आलं आहे, जोडी धावते आणि वेळ लागते. सकाळी धावलेली जोडी आणि दुपारी धावलेली जोडी समोरासमोर न येताही कोण सरस ते कळतं. अशा खेळाला बाद फेरीची गरजच नाही. मुद्दा एवढाच, की कबड्डी घड्याळावर मोजता येत नाही. तिथे दोन संघ भिडल्याशिवाय काहीच समजत नाही, म्हणून कुणाला कुणाशी आणि किती वेळा भिडवायचं हा प्रश्न सुटत नाही.

आणि या प्रश्नाची तीन उत्तरं कबड्डीने आपल्या पोटातच ठेवली होती. जुन्या खेळाचे तीन प्रकार: गामिनी, संजीवनी, अमर. गामिनीत बाद झालेला गडी आपला सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. संजीवनीत समोरचा एक गडी मारला की आपला एक उठायचा. अमरमध्ये मारलेला गडी बाहेर जायचाच नाही, फक्त गुण मांडला जायचा. बाद पद्धत म्हणजे गामिनी. साखळी म्हणजे अमर, हरलात तरी मैदानात, फक्त तक्त्यात गुण कमी. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम बांधले, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते घोटले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळ दाखवला, आणि या सगळ्या घडणीतून संजीवनीच टिकली. गामिनीचा दोष उघड होता. चांगला गडी सुरुवातीलाच मारला गेला की खेळाचा बहुतेक वेळ रेषेबाहेर बसून राही.

स्पर्धेतली संजीवनी मात्र ऑस्ट्रेलियातून आली. मेलबर्नच्या रिचमंड क्लबच्या पर्सी पेज यांनी सुचवलेली पद्धत तिथल्या फुटबॉल लीगने 1931 मध्ये उचलली. साखळीतले पहिले दोन आपसांत खेळतात, जिंकला तो थेट अंतिम सामन्यात. हरलेल्याला एक जीव शिल्लक असतो, तिसऱ्या-चौथ्यातून जिंकून आलेल्याशी तो खेळतो. आयपीएलने 2011 मध्ये उपांत्य सामने सोडून हीच रीत धरली आणि त्याच वर्षी तिचा खेळ दिसला. पहिल्या क्रमांकाचं बंगळूरु चेन्नईकडून हरलं, मुंबईला हरवून उठलं आणि अंतिम सामन्यात पुन्हा चेन्नईकडूनच हरलं. आज मराठी घरांत ‘प्लेऑफ’ शब्द पोरंटोरं वापरतात तो या वाटेने आलेला आहे.

कॉलेजांकडे वळू. भारतातल्या विद्यापीठांत विजेता मतदानाने ठरवण्याचा प्रकार कधी आलाच नाही. 1935 मध्ये क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला तेव्हापासून विद्यापीठांनी एकमेकांना हरवतच वर चढायचं, हे ठरून गेलं. आज महाविद्यालय, मग विद्यापीठाचा निवडलेला संघ, मग पश्चिम विभाग आणि तिथले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेत, अशी शिडी आहे. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना स्वतःची शिडी मिळाली, ही मोठी गोष्ट. आश्रमशाळांची शिडीही अशीच, केंद्र, प्रकल्प, विभाग, राज्य. गडचिरोली पोलिसांच्या वीर बाबुराव शेडमाके कबड्डी स्पर्धेतही आधी पोलीस ठाणं, मग उपविभाग, मग जिल्हा.

या शिडीत एक उफराटेपणा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांत अनेक सांघिक खेळांत बाद फेऱ्यांतून चार संघ उरवतात आणि मग त्या चौघांना आपसांत साखळी खेळवतात. म्हणजे जे आधीच सर्वांत जास्त खेळले त्यांनाच हरण्याची मुभा, आणि खालच्या पायऱ्यांवर, जिथे पोरं पहिल्यांदाच आखलेल्या मैदानावर उतरतात, तिथे बहुधा एकाच सामन्यात निकाल. सिरोंचा किंवा भामरागडहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच तुटते. एवढा रस्ता तुडवून यायचं, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळायचे, आणि चिठ्ठीत समोर मागच्या वर्षीचा विजेता आला तर दुपारच्या एसटीने परत. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत आठ संघांचं हेच होतं. त्यांत दुसऱ्या क्रमांकाचा संघही असू शकतो, डॉजसननी सांगितलं तसं, आणि विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्यांनी त्या पोरांना फक्त चाळीस मिनिटं पाहिलेलं असतं.

अमेरिकेत प्रश्न होता बाद फेरी आणावी का. आपल्याकडे तो उलटा आहे: बाद फेरी कुठून सुरू करावी? माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या दिवसापासून नको. शेवटी बाद सामने असावेत, त्यांच्याशिवाय मैदानाभोवती माणूस ठरत नाही. पण आधी गट हवेत. पूर्ण साखळीचा आग्रह वेडेपणाचा आहे, सोळा संघांना एकशेवीस सामने लागतील. चार-चारचे चार गट केले, प्रत्येक गटातला पहिला उपांत्य फेरीत घेतला, तर गटांचे चोवीस आणि पुढचे तीन मिळून सत्तावीस सामने होतात. बाद पद्धतीत पंधरा होतात. फरक बारा सामन्यांचा. दोन मैदानं असतील तर एका मैदानावर सहा, म्हणजे एक दिवस जास्त. त्या दिवसाचं जेवण, मुक्काम आणि पंचांचं मानधन एवढाच वाढीव खर्च, आणि बदल्यात प्रत्येक संघाला तीन सामने. तीन दिवसांच्या मंडईला हे जमणार नाही, तिथे चिठ्ठ्याच बऱ्या. महाविद्यालयांना आणि आश्रमशाळांना जमू शकतं. स्पर्धांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या क्रीडा शिक्षकांनो आणि संचालकांनो, पुढच्या हंगामाच्या बैठकीत हा एक दिवस मागून घ्या.