पडद्यावरची फिकट कडी कितपत खरी?

शनीची कडी लहान दुर्बिणीतूनही दिसतात. गुरू, युरेनस व नेपच्यून यांची कडी मात्र इतकी फिकट आहेत, की मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या, शहरी दिव्यांपासून दूरच्या गावातूनही तशा दुर्बिणीला ती सापडत नाहीत. त्यामुळे २००१ साली आलेल्या 'सेलेस्टिया'सारख्या अवकाशदर्शक सॉफ्टवेअरमधील चित्रावरच सामान्य जिज्ञासूंची भिस्त असते. या चित्रांच्या मर्यादा जाणून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

रुंदी : युरेनसची कडी १० मार्च १९७७ रोजी उमगली, ती त्यांच्या आड येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्यामुळे. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतही याची नोंद झाली. यांतील बहुतेक कडी १० किलोमीटरहून अरुंद आहेत. सुमारे एक लाख किलोमीटर व्यासाची ही रचना पडद्यावरील हजार बिंदूंत मांडल्यास प्रत्येक बिंदू १०० किलोमीटरचा होतो. म्हणजेच दिसणारी रेषा मूळ कड्याच्या अनेक पट रुंद असते.

तेज : 'व्हॉयेजर-१' यानाला १९७९ मध्ये आढळलेले गुरूचे मुख्य कडे त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा लाखावा भागही अडवत नाही. संगणकाच्या नेहमीच्या चित्रात पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असतात. त्यांतील सर्वांत फिकट पायरीही या कड्यापेक्षा शेकडो पट दाट ठरते.

दिशा : सूक्ष्म धुळीचे कडे सूर्य त्याच्या मागे असताना अधिक उजळते. सर्व बाजूंनी एकच चित्र वापरल्यास हा फरक लोपतो.

सारांश, कड्यांचे स्थान व कल यांबाबत अशा चित्रांवर विसंबता येते. रुंदी व तेज यांबाबत नाही.